नागपुरांत घर घेतांना

भंडाऱ्याहून निघालेली सडक साठएक किलोमीटर जाऊन पारडीच्या बाजूनें नागपुरांत शिरते. धानाची शेती विकून मुलांच्या शिक्षणासाठीं नागपुरास घर करूं पाहणारा भंडारा जिल्ह्यांतील गृहस्थ बहुधा याच अंगास प्रथम जागा पाहतो. गांवची सडक जवळ, कळमन्याचा बाजार जवळ, शिवाय चार नातलग आधींच वसलेले. हीं कारणें क्षुल्लक नव्हेत. मध्यरात्रीं दुखणेकऱ्याला दवाखान्यांत न्यावयाचें झाल्यास प्रतिष्ठित वस्तींतील अनोळखी शेजाऱ्यापेक्षां पलीकडच्या गल्लींतील आतेभाऊच कामास येतो.

परंतु एक प्रश्न तो विचारीत नाहीं: पावसाचें पाणी येथें कोठून येतें व कोठें जातें? नवल हें कीं, तलावांच्या या जिल्ह्यांत हा प्रश्न पोरासोरांनाहि ठाऊक आहे. बोडीच्या सांडव्याखालीं घर बांधणाऱ्यास गांवांत कोणी शहाणा म्हणत नाहीं. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगा भंडारा शहरांत शिरली, तीहि आठवण ताजी आहे. तोच मनुष्य नागपुरांत आला म्हणजे रस्त्याची रुंदी पाहतो, जमिनीचा उतार पाहत नाहीं.

२३ सप्टेंबर २०२३ रोजीं पहाटेच्या आंत कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट अशा सुखवस्तु वस्त्यांतील तळमजले पाण्यांत गेले. भाव चढा म्हणजे जागा निर्धोक, हा समज त्या रात्रीं बुडाला. पूर्वेकडची गोष्ट निराळी. नाग नदी शहराचें सांडपाणी घेऊन त्याच अंगानें बाहेर पडते. भांडेवाडीचा कचरा डेपोहि इकडेच. पुढें तें पाणी कन्हानमार्गें वैनगंगेस मिळून पवनी तालुक्यांतील गोसीखुर्दच्या जलाशयांत येतें, म्हणजे गांवींहि तें चुकत नाहीं!

शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले भूखंड हा दुसरा धोका. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानें अशा कित्येक वस्त्यांना नियमित होण्याची वाट मिळाली. परंतु विक्रीपत्र हातीं आलें म्हणजे नकाशा मंजूर झाला, असें नव्हे. बयाणा देण्यापूर्वीं मंजूर नकाशा व नियमितीकरणाचें पत्र पाहावें.

दलाल जागा दाखवितो ती उन्हाळ्यांत, गाडींतून. गृहस्थानें श्रावणांत, मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीं, पायीं जावें, आणि ओट्यावर बसलेल्या एखाद्या म्हातारीस विचारावें कीं, आजी, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलें होतें?