द्रव हेलियम आणि बोसॉन : स्वागताध्यक्षीय भाषण



 हेलियमची परिषद म्हटली की आपल्या माणसाला कोकणातला विजयदुर्ग आठवतोच. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात हेलियम ओळखणारे लॉकियर १८६८च्या सूर्यग्रहणात तिथे होते, असे हौसेने सांगितले जाते. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला आले ते १८९८च्या ग्रहणाला. कोकणाला तेवढा मान पुरे.

आता आपल्या विषयाकडे वळतो. द्रव हेलियम २.१७ केल्विनखाली अतिसूक्ष्म फटींतूनही अडखळल्याशिवाय वाहते, हे १९३८ साली कापित्सा यांनी आणि स्वतंत्रपणे ॲलन व मिसेनर यांनी दाखवले. त्याच वर्षी फ्रिट्झ लंडन यांनी या अतिप्रवाही वागण्याचा संबंध बोस-आइन्स्टाइन संघननाशी जोडला. अणूंना एकमेकांची दखलच नाही असे धरून गणित केले, तर संक्रमणाचे तापमान ३.१३ केल्विन येते. उत्तर इतके जवळचे की कुणीही भुलावे. पण लांडाऊंचा निकष लावला की हा आदर्श वायू अतिप्रवाही ठरतच नाही. गणितात आपल्याला छळणारी अणूंमधली परस्परक्रिया हीच त्या प्रवाहाला तोलून धरते. ती क्षीण असेल तर काय घडते, हे बोगोल्युबॉव्ह यांनी १९४७ साली मांडले.

हेलियममधली परस्परक्रिया मात्र क्षीण नाही. शून्य केल्विनजवळ सगळा द्रव अतिप्रवाही असतो, तरी संघनित अणू जेमतेम सात-आठ टक्के. पेनरोझ आणि ऑनसागर यांनी १९५६ सालीच ८ टक्क्यांचा अंदाज बांधला होता, तोही अणू म्हणजे नुसते कठीण गोळे मानून! पुढे माँटे कार्लो गणिते झाली, न्यूट्रॉनचे प्रयोग झाले. आकडा फारसा हलला नाही. माझ्या मते या क्षेत्रातला इतका देखणा अंदाज दुसरा नाही.

परस्परक्रिया धरली की सोडली यावर उत्तर इतके अवलंबून असते, म्हणून तरुण मित्रांना एक विनंती आहे. आपल्या प्रतिमानात काय गृहीत धरले आणि काय सोडून दिले, ते पहिल्याच स्लाइडवर सांगा. ज्येष्ठांनी त्यावर प्रश्न विचारावेत, भाषणे करू नयेत. स्वागताध्यक्षही त्याला अपवाद नाही, तेव्हा मी थांबतो. निवास-भोजनात काही उणे राहिले तर आमच्या स्वयंसेवकांना हक्काने सांगा.