‘आणि मग काय झालं?’



मुलाखतीबद्दल बोलायला आलो की मुलं विचारतात, टाय घालायचा का, इंग्रजी अडलं तर काय. गेली काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतो. कुणाचा टाय कसा होता, मला आठवत नाही.

तुमसरकडचा एक मुलगा मात्र आठवतो. रेझ्युमेवर फायनल इयरचा प्रोजेक्ट होता, चेहरा ओळखून हजेरी लावण्याचा. मी विचारलं, “काम अडलं कुठे?” तो गप्प. मग स्वतःच म्हणाला, “सर, तो विकत घेतलेला आहे.” मी विचारलं, सुट्टीत काय करतोस? “काही विशेष नाही. मामूंबरोबर राइस मिलवर धानाचा हिशेब ठेवतो, एक्सेलमध्ये.”

आणि मग तो खुलला. एकाच नावाचे दोन शेतकरी आले की खाती मिसळायची. म्हणून त्यानं मोबाइल नंबरवरून खाती लावली. तर दोन भावांचा नंबर एकच! एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर चढले, मामू भडकले. शेवटी त्यानं प्रत्येकाला खाते क्रमांक दिला आणि तो काट्याच्या पावतीवर लिहायला लावला. डेटाबेसमधली ‘प्रायमरी की’ म्हणजे हीच की! मी होकार लिहिला. ही गोष्ट त्याच्या रेझ्युमेवर कुठेच नव्हती. गॅरेज, टेलरिंग, बांगड्यांचं दुकान, या सगळ्याची आपल्याला उगाच लाज.

आता नावाबद्दल. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. मुस्लीम नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या साधारण एक तृतीयांश निघाली. म्हणजे पहिली गाळणी मुलाखतीच्या आधीच लागते. पन्नास अर्जांना उत्तर आलं नाही म्हणून खोट स्वतःतच आहे असं धरू नका. कंपनीत ओळखीचं कुणी असेल तर रेफरल मागा. बाकीचे मागतातच. मीही तसाच आत गेलो होतो.

चहानंतर इथेच बसू. प्रत्येकानं स्वतः केलेलं आणि मध्येच बिघडलेलं एक काम सांगायचं. “आम्ही केलं” चालणार नाही, तू काय केलंस ते सांग. मी फक्त “आणि मग?” विचारत राहीन. पवनी, लाखांदूरच्या मुलींनी आधी यावं, त्यांना बस गाठायची आहे.