उशाशी बसणारीची मजुरी



भंडाऱ्याहून नागपूरचे मेडिकल सुमारे साठ किलोमीटर. नवरा तेथे खाटेवर पडला की आपली विडी वळणारी बहीण एकटीच एस. टी.त बसते. लोक म्हणतात, "हिचे काम घरचेच, कोठेही नेता येते." पण दवाखान्यात तंबाखूचे सूप कोण मांडू देईल? मजुरी हजारामागे, हात थांबला की चूल थांबली.

१९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. राज्य कामगार विमा योजनेत विमेदार कामगार स्वतः आजारी पडला, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. रोग्याच्या उशाशी बसणारीचे दिवस मात्र कोणत्याच खात्यात नाहीत. शुश्रूषा हेही श्रमच होत. ते दिवस मोजून घेणे, ही आपली पुढची मागणी असली पाहिजे.