पैसा त्याचा, हिशोब कोणाच्या हाती?

(दिव्यांगांच्या पालकांच्या मेळाव्यात एका निवृत्त बँक कर्मचारी भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय साधा आहे. तुमच्या घरातल्या दिव्यांग माणसाच्या नावानं जे पैसे येतात, ते सांभाळायचे कोणी? ताईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, यावर अर्धा तास काय बोलायचं? मग इतकी वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून जे पाहिलं ते आठवलं, आणि वाटलं, अर्धा तास पुरायचा नाही.

आधी पैसे कुठले ते सांगते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. दिव्यांगांना तिच्यातून ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये ठरले आहेत. म्हणजे वर्षाचे ३०,०००. ग्रामपंचायतीनंही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारा, लाजू नका. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांग आणि बहुदिव्यांग मुलांसाठी निरामय विमा आहे, त्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो. कागद कसे करायचे ते ताई सांगतीलच. मी पैसे खात्यात आल्यानंतरचं बोलणार आहे, कारण तिथून पुढे कोणी विचारत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी एका कातकरी वाडीवर गेले होते. एका बाईंचा मुलगा अंथरुणावरच असतो, बोलत नाही, पण आई आली की डोळे हसतात. मी विचारलं, "खात्यात किती आहेत?" बाई म्हणाल्या, "शेटला म्हाईत." एटीएम कार्ड दुकानदाराकडे. पिन नंबर त्याच्याकडे. उधारी त्याच्याच वहीत. पैसे तोच काढायचा, उधारीत वळते तोच करायचा, आणि उरले किती तेही तोच सांगायचा. बाईंना शेटचा राग नव्हता. "अडीनडीला तांदूळ देतो ना," म्हणाल्या. खरंच देत होता. त्याला चोर म्हणायला मी गेले नव्हते. पण आम्ही पासबुक भरून आणलं, तेव्हा त्यात महिन्यातून दोनदा पैसे काढल्याच्या नोंदी होत्या, आणि बाईंना एकदाचंच माहीत होतं.

म्हणून माणूस निवडताना माझी पहिली अट ही: जो तुम्हाला काही विकतो किंवा ज्याचं तुम्ही देणं लागता, त्याच्या हातात कार्ड द्यायचं नाही. दुकानदार नको. वीटभट्टीचा मुकादम तर मुळीच नको, त्याची उचल तुमच्या डोक्यावर असते. गाडीवाला, दाखले काढून देणारा एजंट, तेही नकोत. माणूस चांगला असेल, पण एकाच हातात घेणं आणि देणं दोन्ही आलं की चांगल्या माणसाचाही हिशोब चुकतो. हे माझ्या मनातलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, त्याचं कलम १३ वाचा. आधार देणाऱ्याचा आणि दिव्यांग व्यक्तीचा एखाद्या व्यवहारात हितसंबंध आडवा येत असेल, तर आधार देणाऱ्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. त्याच कलमात असंही आहे की दिव्यांग व्यक्ती ही व्यवस्था केव्हाही बदलू शकते, मोडूही शकते. एकदा कार्ड दिलं म्हणजे जन्माचं दिलं असं नाही.

ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्यानं दिव्यांगांना मदतीची रक्कम ठरवून मिळते. ती स्वतः सांभाळता येते, किंवा बिलं भागवायला एक माणूस नेमता येतो, त्याला तिथे प्लॅन मॅनेजर म्हणतात. त्याचा मेहनताना वेगळा मिळतो, दिव्यांगाच्या मदतीतून कापत नाहीत. आपल्याकडे असा पगारी माणूस नाही. आपल्याकडे भाऊ आहे, मावशी आहे, शेजारीण आहे, आश्रमशाळेतली मुलगी आहे. त्यांच्यातूनच निवडायचं, पण निवडायचं. नुसतं होऊ द्यायचं नाही.

आता माझ्याच चुकीची गोष्ट. मी नोकरीत नवीन होते. एक अंध गृहस्थ पैसे काढायला आले, एकटे, काठी टेकत. मी म्हटलं, "काका, घरच्या कोणाला तरी घेऊन या, असं एकट्याला देता येत नाही." ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला पुतण्याला घेऊन आले. मग पुढे पुतण्याच येऊ लागला, काका स्लिपवर अंगठा करून द्यायचे. वर्षभरानं कळलं की काकांच्या हातात निम्मेही पडत नव्हते. मला कोणी दोष दिला नाही. पण तो पुतण्या त्यांच्यामागे मी लावला होता. अंध माणूस व्यवहार करायला कायद्यानं पूर्ण सक्षम आहे, त्याचं खातं त्याला एकट्याला चालवता येतं, बँकेनं नाही म्हणायचं नाही. हे मला तेव्हा माहीत हवं होतं. तुम्हाला आज कोणी काउंटरवर तसं म्हणालं, तर मॅनेजरांना भेटा, आणि शांतपणे सांगा.

म्हणजे कोणाला नेमायचं याआधी विचारायचं, नेमायची गरज आहे का? पाय अधू असलेल्याला, अंधाला, ऐकू न येणाऱ्याला पैशाचा हिशोब कळतो. त्याला बँकेपर्यंत पोचायची अडचण आहे, डोक्याची नाही. दिव्यांगांना घरपोच बँक सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये बँकांना कळवलं आहे. बँक मित्र वाडीवर येतो तेव्हा अंगठा त्याचा त्यालाच लावू द्या, आणि पैसे त्याच्याच हातात मोजून घ्या. ज्याला हिशोब कळत नाही असं वाटतं, त्यालाही विचारा. एका मुलीला आम्ही विचारलं, तुझे पैसे कोणी ठेवायचे? तिला बोलता येत नव्हतं. काका समोर आला की ती भिंतीकडे तोंड करायची, मावशी आली की हात धरायची. आणखी काय उत्तर पाहिजे?

दिवाळीनंतर तुमच्यातली निम्मी वाडी भट्टीवर, कोळशावर जाते. तेव्हाचा प्रश्न वेगळा. दिव्यांग माणूस म्हातारीजवळ वाडीवर राहिला, तर पासबुक वाडीवरच राहू दे, तुमच्या गाठोड्यात नको. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो चुकला तर जिवंत माणसाचं अनुदान थांबतं. तो कोण देणार, हे जायच्या आधी ठरवा. आणि एक छोटी गोष्ट, पण हिच्यावर फार अडतं: खात्याला मोबाईल नंबर कोणाचा लागला आहे? मेसेज ज्याला जातो त्यालाच पैसे आल्याचं कळतं. नंबर एजंटचा असेल तर आधी बदला.

आता आयांच्या मनातला प्रश्न. माझ्यामागं कोण? मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. मघाशी निरामयसाठी सांगितले ते चार प्रकार असतील, आणि खरोखर गरज असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक माणूस असतो, आणि एक स्वतः दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकतात. कोर्टात जावं लागत नाही, वकील लागत नाही. अलिबागला मात्र जावं लागतं, आणि श्रीवर्धनकडच्यांसाठी तो एक आख्खा दिवस आहे, दिघीहून फेरीबोटीनं आलात तरी. ते सोपं आहे असं मी म्हणणार नाही. त्या समितीचं प्रमाणपत्र बँक खात्यासाठी धरते.

या कायद्यातलं मला सगळ्यात आवडतं ते हे, की पालकालाही हिशोब द्यावा लागतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. छळ केला, हयगय केली किंवा पैसे खाल्ले, तर नातेवाईक किंवा संस्था तक्रार करू शकते आणि पालक काढता येतो. मुलगी असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत. पण प्रत्येक दिव्यांगाला पालक हवाच असं समजून धावू नका. ज्याचं तो ठरवू शकतो त्याच्यावर पालक बसवणं म्हणजे मी काकांवर पुतण्या बसवला तसंच.

आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा नको. कोणीही सांगो, कितीही घाई असो.

हिशोब ठेवायला शिकलेला माणूस लागत नाही. त्या शेटवाल्या बाईंनी कार्ड परत घेतलं, वाद न घालता. आम्ही दोघी गेलो, पिन बदलला. उधारी किती आहे ते शेटकडून कागदावर लिहून घेतलं, आणि दर महिन्याला थोडी द्यायची असं ठरलं. आता त्यांची भाची, सातवीत आहे, आश्रमशाळेतून सुट्टीला आली की शंभरपानी वहीत लिहिते. आले २५००. दूध, पावडर, औषध, शेट. बाईंना वाचता येत नाही, म्हणून भाचीनं प्रत्येक खर्चापुढे चित्र काढलंय. औषधापुढे बाटली. शेटपुढे मिशा.

ती वही मी आज बरोबर आणली आहे, बाईंना विचारून. मागच्या टेबलावर ठेवते. चहा घेताना बघा, आणि ज्यांनी पासबुकं आणली आहेत त्यांनी तिथेच या. मी आणि ताई एकेक वाचून दाखवू. ज्यांचं पासबुक दुसऱ्याकडे आहे त्यांनीही या, नुसतं कोणाकडे आहे ते सांगा.