दुधाचा डबा देण्याआधी
(आष्टी येथे महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या आष्टी तालुक्यात पाऊस कमी, पण दुभत्या जनावरांनी अनेक घरे सावरली. त्यामुळे दुधानेच एखादे बाळ आजारी पडते, हे इथे कुणाला पटकन पटत नाही. पण असे होते. काही बाळांचे शरीर गाईच्या दुधातील प्रथिनांना शत्रू समजते. मग अंगावर गांधी उठतात, बाळ वारंवार ओकते, शीमध्ये रक्त दिसते, वजन वाढत नाही.

गेल्या वर्षी एका पारधी वस्तीवर चार महिन्यांचे असे बाळ पाहिले. आई ऊसतोडीहून परतलेली, अंगावरचे दूध कमी झालेले, म्हणून वरचे दूध सुरू होते. आजी म्हणाली, "ताई, गाईचं मानंना, आता शेळीचं पाजते." आपल्यातल्या एका बहिणीने मायेने पावडरचा डबा आणून ठेवला होता. दोघींच्या मनात प्रेमच होते. पण शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असतात, आणि साधी पावडर तर गाईच्याच दुधाची. 'लॅक्टोज फ्री' डब्यातून साखर काढलेली असते, प्रथिने तशीच राहतात. त्यानेही ही ॲलर्जी टळत नाही.

आम्ही बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी आधी डबा लिहून दिला नाही. आईला पुन्हा पुन्हा अंगावर पाजायला सांगितले, आणि तिचे दूध, दही, ताक, तूप काही आठवडे बंद केले. भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांत शीतले रक्त थांबले. हळूहळू आईचे दूध वाढले आणि बाळाने बाळसे धरले.

आईचे दूध मिळणेच शक्य नसेल, तेव्हा खास डबा लागतो. त्यातही फरक आहेत. 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' डब्यात दुधाची प्रथिने अगदी बारीक तोडलेली असतात. बहुतेक ॲलर्जी असलेल्या बाळांना तो चालतो. ज्यांना तोही चालत नाही किंवा ज्यांचा त्रास तीव्र आहे, त्यांच्यासाठी 'अमिनो ॲसिड'चा डबा असतो. 'एचए' लिहिलेल्या डब्यात प्रथिने अर्धवटच तोडलेली असतात, म्हणून ॲलर्जी झालेल्या बाळाला तो देऊ नये. सोयाबीनचे दूध सहा महिन्यांच्या आत देत नाहीत. निवड दुकानदाराने किंवा आपण करायची नाही, ती डॉक्टरांनी करायची.

हे डबे फार महाग असतात. घरात पैसे संपले की आई पावडर कमी आणि पाणी जास्त घालते. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण ते सुकत जाते. त्यात वस्तीवर टँकरचे पाणी. पावडर उकळलेल्या पाण्यात, ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी कालवावी, पाजण्याआधी कोमट करावी, दोन तासांत न संपलेली टाकून द्यावी. जिथे सरपण मोजून वापरतात, तिथे हे दिवसातून सात-आठ वेळा कसे जमावे?

म्हणूनच १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या वाटण्यास मनाई केली आहे, सूट फक्त अनाथालयांना आहे. तेव्हा नाताळच्या भेटींत डबे आणू नका, ही माझी हात जोडून विनंती. त्याऐवजी बाळंतिणीसाठी डाळ, शेंगदाणे, अंडी द्या. बीड किंवा अहिल्यानगरच्या दवाखान्यापर्यंतचे भाडे द्या. डॉक्टरांनी खास दूध लिहून दिलेच, तर त्या कुटुंबाच्या उपचारखर्चाला शेवटपर्यंत हातभार लावा, एका डब्यावर थांबू नका. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तीन ते पाच वर्षांत जाते. तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा दूध पाजून बघू नये.

एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. दूध पाजल्यावर बाळाचे ओठ किंवा तोंड सुजले, श्वास घरघरू लागला, बाळ गळून गेले, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

वस्तीवरच्या आईला आपला डबा नको आहे. तिला दवाखान्यात सोबत जाणारे माणूस हवे आहे. यावर्षी आपल्या मंडळातून अशा पाच बहिणी पुढे याव्यात, एवढेच मागणे आहे. नावे आजच द्या.