जखमींचे वाहक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी शिकलो. इतिहास शिकवताना ते म्हणत, ‘लढाई कोणी जिंकली ते पुस्तकात आहे, पडलेल्यांना कोणी उचलले, ते सांगा.’ आम्ही निरुत्तर होत असू. पुढे मी वैद्यकीकडे वळलो आणि तो प्रश्न माझ्याबरोबर आला.

पहिल्या महायुद्धातील खंदकांत जखमीचा प्रवास साखळीसारखा असे. शिपायाने प्रथम जवळची पट्टी बांधायची. मग स्ट्रेचरवाहक त्याला नागमोडी खंदकांतून पलटणीच्या प्रथमोपचार ठाण्यावर आणीत. हे ठाणे म्हणजे आघाडीच्या थोडे मागे, एखाद्या तळघरात वा भुयारात, एक डॉक्टर व त्याचे मोजके साहाय्यक. रक्त थांबवायचे, मोडक्या हाडाला आधार द्यायचा, मॉर्फिया टोचायचे आणि पुढे धाडायचे. शस्त्रक्रिया मागच्या छावणीत. १९१७ साली पाशेंदालच्या चिखलात एका स्ट्रेचरला चारांऐवजी सहा-आठ माणसे लागत. मांडीचे हाड मोडलेला जखमी पूर्वी बहुधा दगावत असे. थॉमसची कामटी आघाडीजवळच बांधू लागल्यावर असे पुष्कळ जण वाचू लागले. रुग्णालय कितीही उत्तम असो, तेथवरची वाट नीट नसेल तर ते व्यर्थ होय.

ही कडी तुटली की काय होते, ते आपल्या माणसांनी भोगले आहे. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे हजारो जण घायाळ झाले. त्यांना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून तैग्रिसच्या काठी आणले आणि तेथून बोटींत दाटीवाटीने घालून बसऱ्यास पाठवले. मेजर कार्टर या डॉक्टरांनी त्यांपैकी एका बोटीची दुर्दशा पाहून वरिष्ठांकडे तक्रार केली, तेव्हा त्यांनाच धमकावण्यात आले. १९१७ च्या चौकशी अहवालाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. कमी पडली होती ती योजना.

आता दुसरे चित्र पाहा. ९ एप्रिल १९४५, इटलीतील सेनिओ नदी. दोन्ही उंच बांधांत जर्मनांनी खणलेल्या खंदकठाण्यांची रांग होती. अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत निरोप्याचे काम करीत. नदी ओलांडताच त्यांच्या तुकडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. कंपनी कमांडर व दोन शिपाई जखमी झाले. नामदेव सोडून बाकीचे ठार झाले. त्यांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेले आणि दुसऱ्यासाठी ते पुन्हा परतले. त्यानंतर त्यांनी एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी नष्ट केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या शौर्यकथेचा आरंभ दोन जखमींना वाहून नेण्याने झाला, हे आपण विसरू नये.

मित्रहो, हे सारे गोडादऱ्यात का सांगावे? आपल्यापैकी अनेकांचे वडील खानदेशातून पोटासाठी सुरतेत आले आणि लूम्सवर उभे राहिले. माझा धाकटा भाऊही त्यांतलाच. एका कारखान्यात जिन्यावरून पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले. सोबत्यांनी मोठ्या मायेने त्याला रिक्षात कसेबसे दुमडून बसवले. त्या अर्ध्या तासात तुटलेल्या हाडाने आतली रक्तवाहिनी फाडली. भाऊ वाचला, पाय गेला. मी डॉक्टर होतो. परंतु त्याला कसे उचलावे, हे त्या चौघांना मी कधीच शिकवले नव्हते. ही खंत मी आजवर बाळगून आहे.

म्हणून या शाळेकडे माझे एकच मागणे आहे. दोन बांबू, एक मजबूत चादर आणि काही फळकुट्या प्रत्येक मजल्यावर असाव्यात. मोडलेला अवयव हलू न देता बांधणे आणि चौघांनी एका तालात उचलणे, हे आठवीच्या प्रत्येक मुलामुलीस यावे. शिकवायला मी दर शनिवारी येईन.

गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी आता तुमची आहे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.