चाळिशीतली तोंडी परीक्षा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल." सॉफ्टवेअरबद्दल दहा मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरचे तेव्हासारखेच झोपतील. म्हणून मी एका परीक्षेबद्दल बोलणार आहे. मी ज्या कंपनीत अकरा वर्षं होते, तिथला आमचा विभाग बंद झाला आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला पुन्हा मुलाखतींना बसावं लागलं. आपल्या ग्रुपमधल्या तिघाचौघांनी गेल्या काही महिन्यांत मला वेगळा मेसेज करून विचारलंय, "या वयात तयारी कशी करायची गं?" प्रत्येकाला वाटतंय की ही वेळ आपल्या एकट्यावरच आली आहे. तसं नाही. म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देते.

आमच्याकडे अनुभवी माणसाची मुलाखत म्हणजे एक भेट नसते. चार ते सहा फेऱ्या असतात आणि प्रत्येक साधारण तासाभराची. त्यांचे ढोबळ तीन प्रकार: समोर बसून कोड लिहिणं, एखादी मोठी यंत्रणा कशी उभी कराल ते सांगणं आणि आजवर काय केलंत त्याचा हिशोब देणं. समोर बसलेला मुलगा किंवा मुलगी अठ्ठावीस-तीस वर्षांची असू शकते. ती आपल्याला नावाने हाक मारते. त्याचं वाईट वाटून घेतलं तर पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

पहिला प्रकार, कोडिंग. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला हाच सगळ्यांत जाचक वाटतो, कारण रोजच्या कामात असली कोडी कोणी सोडवत नाही. पण तक्रार करून फेरी टळत नाही. लीटकोडसारख्या ठिकाणी हजारो प्रश्न आहेत आणि ते सगळे सोडवायला जाणं हा वेडेपणा आहे. मी दीडशेच निवडले. रोज दोन नवे आणि एक जुना, तोही उत्तर न बघता पुन्हा. प्रश्नांपेक्षा त्यांचे प्रकार ओळखू यायला लागले की हात मोकळा होतो.

इथे मला आपल्या भूमितीच्या तासाचा फार उपयोग झाला. बाई फळ्यावर आधी काय लिहायच्या? पक्ष, साध्य, आकृती. सिद्धता त्यानंतर. पक्ष लिहिल्याशिवाय सिद्धतेला हात लावला तर वहीवर लाल रेघ. मुलाखतीतही तेच. प्रश्न ऐकल्याबरोबर कीबोर्डवर तुटून पडणारे पुष्कळ असतात. मी आधी विचारायचे: दिलेल्या यादीत किती आकडे आहेत? ते क्रमाने आहेत का? एखादा दोनदा आला तर चालेल का? यादी रिकामी असली तर? हा झाला पक्ष. नेमकं काय हवंय ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे, ते साध्य. मग छोटं उदाहरण हाताने सोडवायचे आणि शेवटी ताळा करून बघायचे. मीही गेली अनेक वर्षं मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगते: समोरचा बरोबर उत्तरापेक्षा ही पद्धत जास्त बघत असतो.

एक उदाहरण सांगते. दहा लाख नावांच्या वर्णक्रमाने लावलेल्या यादीत एक नाव शोधायचंय. मधलं पान उघडा, नाव पुढे आहे की मागे ते बघा, अर्धी यादी सोडून द्या. असं केलं तर जास्तीत जास्त वीस वेळा बघून नाव सापडतं, कारण दोनचा विसावा घात १०,४८,५७६ होतो. इतकी सोपी गोष्ट. तरीही जावा या भाषेच्या अधिकृत संग्रहात याच कृतीत जवळजवळ नऊ वर्षं एक चूक लपून होती. मधली जागा काढायला पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून दोनाने भागायचं, पण यादी अतिप्रचंड असेल तर ती बेरीज संगणकाने ठेवलेल्या जागेत मावत नाही आणि उत्तर ऋण येतं. ते कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच २००६ मध्ये हे सगळ्या जगाला लिहून सांगितलं. अनुभवी माणसाकडून अपेक्षा असते ती हीच: सोप्या गोष्टीच्याही कडा तपासायची सवय आणि सापडलेलं उघडपणे सांगायची हिंमत.

दुसरा प्रकार, यंत्रणेची रचना. या फेरीत आपलं वय आपल्या बाजूने असतं. प्रश्न असा येतो: "रेल्वेच्या तिकीट आरक्षणाची व्यवस्था तुम्ही कशी उभी कराल?" पहिली पायरी म्हणजे पाढे आणि अंदाज. समजा एक कोटी लोक दिवसाला प्रत्येकी दहा वेळा काहीतरी विचारतात. म्हणजे दहा कोटी विनंत्या. दिवसाचे सेकंद ८६,४००, सोयीसाठी एक लाख धरा. सेकंदाला हजार विनंत्या आल्या. हे पेलण्यासारखं आहे. पण लोक दिवसभर सारखे येत नाहीत. तत्काळची खिडकी वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला उघडते. त्या दहा कोटींतल्या एक कोटी विनंत्या दहाच्या ठोक्यापासून पाच मिनिटांत आल्या, तर सेकंदाला तेहतीस हजारांच्या वर जातात. सरासरीवर घर बांधलं तर पहिल्याच पावसात गळतं.

मग खरे प्रश्न सुरू होतात. एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये म्हणून काय कराल? पैसे गेले आणि तिकीट आलं नाही, म्हणून प्रवाशाने पुन्हा बटण दाबलं, तर पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून काय कराल? एक यंत्र बंद पडलं तर? याची उत्तरं पाठ करून येत नाहीत. मार्टिन क्लेपमन यांचं २०१७ मध्ये आलेलं 'डिझाइनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स' हे पुस्तक मी रोज दहा पानं या वेगाने वाचलं आणि प्रत्येक प्रकरणानंतर स्वतःला विचारलं, हे मी माझ्या कामात कुठे बघितलंय? रात्री दोनला फोन वाजून उठलेल्या माणसाला या पुस्तकात आपले जुने शेजारी भेटतात. आणि एक लक्षात ठेवा, या फेरीत एकच बरोबर उत्तर नसतं. हे केलं तर काय मिळतं आणि काय सोडावं लागतं, ते सांगता आलं पाहिजे.

तिसरा प्रकार तुमच्या कामाचा हिशोब. मला सगळ्यांत कठीण हाच गेला आणि मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांना जाईल. त्याचं कारण तुमच्यासमोरच सांगते, सर. तुम्ही आम्हाला "मी, मी" करू नका असं शिकवलंत. घरीही तेच. त्यामुळे कोणी विचारलं, "तुम्ही काय केलंत?" की आपल्या तोंडून निघतं, "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं." ऐकायला छान वाटतं, पण समोरच्याच्या कागदावर त्यातलं काहीच उतरत नाही. तो विचारतो, "हो, पण त्यात तुमचं काय?"

मी एक दोनशे पानी वही आणली आणि वीस वर्षांतले दहा प्रसंग मराठीत लिहून काढले. प्रत्येकाचे चार भाग: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी स्वतः काय केलं, त्यातून काय झालं. शेवटी आकडा. "अहवाल लवकर यायला लागला" असं नाही, तर "सहा तास लागायचे, ते चाळीस मिनिटांवर आले." मग प्रत्येक वाक्यातलं "आम्ही" तपासलं. जिथे खरंच सगळे होते, तिथे "आम्ही" ठेवलं. जिथे निर्णय माझा होता, तिथे "मी" लिहिलं. सुरुवातीला हात अडखळायचा. पण हळूहळू कळलं की ही बढाई नाही, ही नोंद आहे. जे केलं नाही ते सांगणं म्हणजे बढाई. केलेलं लपवणं हा काही विनय नव्हे. मग तेच प्रसंग इंग्रजीतून, मोठ्याने, घड्याळ लावून, प्रत्येकी तीन मिनिटांत. इंग्रजी शाळेत न गेल्याची धास्ती वाटत असेल, तर तिला उपाय हाच: मोठ्याने बोलणं. मनातल्या मनात सगळेच उत्तम बोलतात.

बायकांसाठी दोन शब्द वेगळे. आपण म्हणतो, वेळच नाही. मलाही नव्हता. सासूबाईंचं औषधपाणी, मुलीची दहावी. मी पहाटे पाच ते सात हे दोन तास घेतले आणि घरात स्पष्ट सांगितलं की सात वाजेपर्यंत चहा मागायचा नाही. तीन महिने घर व्यवस्थित चाललं. कामात खंड पडला असेल तर तो दोन वाक्यांत सांगा, खाली मान घालून नको. आणि पगाराचं बोलताना "तुम्ही द्याल ते" हे वाक्य कायमचं सोडा. त्या जागेसाठी पगाराची मर्यादा काय ठेवली आहे ते विचारा आणि आपला आकडा सांगून गप्प बसा.

हल्ली कोड लिहून देणारी एआयची साधनं आली आहेत. काही कंपन्या मुलाखतीत ती वापरायला सांगतात, काही मनाई करतात. आधी विचारून घ्या. मनाई असताना वापरणं म्हणजे काय, ते दहावीच्या केंद्रावर पर्यवेक्षण केलेल्या सर-बाईंसमोर मी सांगायला नको.

मला तीन ठिकाणांहून नकार आला, चौथ्या ठिकाणी काम मिळालं. नकाराची कारणं सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाखत संपल्यावर, निकाल यायच्या आधीच, मी विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवायचे. निकाल आल्यावर लिहिलं असतं तर त्यात रुसवा उतरला असता.

आपण सगळे आता अशा वयात आहोत की घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणं एकाच वेळी चालू आहेत. अशात नोकरी गेली की माणूस आधी बोलणं बंद करतो. ग्रुपवर सुप्रभातचे फुलांचे फोटो येत राहतात आणि त्यामागे कोण काय सोसतंय ते कळत नाही. म्हणून माझी विनंती आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मोकळी असते. आपल्यापैकी कोणी किंवा कोणाची मुलं मुलाखतीच्या तयारीत असतील, तर मी सराव मुलाखत घेईन. बँकेतल्या, शाळेतल्या, कारखान्यातल्या मित्रांनीही आपापल्या क्षेत्रासाठी तयारी दाखवली, तर आपल्याच तुकडीचा एक वर्ग भरेल. लाजायचं काही कारण नाही, एकमेकांचे गणितातले मार्क आपल्याला माहीतच आहेत.

सर, बाई, तुम्ही पक्ष आणि साध्य आधी लिहायला लावलंत, त्याबद्दल तुमची ऋणी आहे.